मदात्ययात 'उपस्थाता' : योग्य व्यसनमुक्ती सभेची निवड

प्रास्ताविक

मद्यपाशातून सुटू इच्छिणारा रुग्ण चिकित्सालयात येतो. आपण त्याचे यकृत तपासतो, अग्नी पाहतो, निद्रा विचारतो, औषधयोजना करतो आणि चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहितो, 'मीटिंगला जावे'. कोणत्या मीटिंगला, कोठे, कोणत्या वारी, किती वाजता आणि तेथे कोणती भाषा बोलली जाते, हे आपण लिहीत नाही. कारण बहुधा ते आपल्यालाही ठाऊक नसते. मात्रा, काल व अनुपान न लिहिता केवळ 'औषध घ्यावे' असे लिहिणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणू? सभेच्या बाबतीत मात्र आपण सर्वच जण तसे वागत आलो आहोत.

अंबरनाथ पश्चिमेस बुवापाडा परिसरातील रुग्णांची सेवा करताना आमच्या हातून हीच चूक घडली. त्या चुकीतून जे शिकलो ते वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधालयाच्या चालकांपुढे ठेवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे थोडक्यात पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात व त्यांपैकी सुमारे २.९ कोटी लोक मद्यावर अवलंबून आहेत. अशा ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. उरलेले ३७ जण कोठे असतात? त्यांतील कितीतरी जण अम्लपित्त, अनिद्रा, कंप, अरुची अशा तक्रारी घेऊन आपल्याच ओट्यावर बसलेले असतात.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या २४व्या अध्यायात मदात्यय, सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राच्या ४७व्या अध्यायात पानात्यय, तर अष्टांगहृदयात निदानस्थानाच्या ६व्या आणि चिकित्सास्थानाच्या ७व्या अध्यायात हाच विषय येतो. वातादी भेद व त्यांची चिकित्सा वाचकांस परिचित असल्याने तिची पुनरुक्ती येथे करीत नाही. प्रस्तुत विषयाशी निगडित चार मुद्दे तेवढे मांडतो.

पहिला मुद्दा 'ध्वंसक' या अवस्थेचा. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिमद्यपान करतो तेव्हा उद्भवणारे ध्वंसक व विक्षय हे विकार आचार्यांनी वेगळे सांगितले आणि ते कष्टसाध्य मानले. म्हणजे मद्य सोडणे व सोडलेले टिकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या ग्रंथकारांना पूर्ण ज्ञात होते. आपली चिकित्सा बहुधा पहिल्या गोष्टीपाशी थांबते.

दुसरा मुद्दा सत्त्वावजयाचा. सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांबरोबर सांगितलेले हे तिसरे औषध म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे होय. मद्यपाशात धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश झालेला असतो. ज्याची धृतीच ढळली आहे त्याला 'मन आवर' असे सांगून भागत नाही. धृती परत येईपर्यंत ती बाहेरून पुरवावी लागते.

तिसरा मुद्दा चिकित्साचतुष्पादाचा. भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी या चार पादांपैकी मद्यपाशात उपस्थात्याचा पाद सहसा लंगडा असतो. पत्नी थकलेली असते, भाऊ दुरावलेले असतात, मित्र तर पिणारेच असतात. ही उणीव व्यसनमुक्ती समूह भरून काढतो. ज्याने स्वतः तो रोग भोगला आणि आज जो त्यातून बाहेर आहे, असा उपस्थाता आपण कोणत्याही औषधालयातून आणू शकत नाही.

चौथा मुद्दा एका शंकेचा. 'आयुर्वेदात मद्य वर्ज्य नाही' असे रुग्णच आपल्याला ऐकवतात. चरकांनी विधियुक्त मद्यपानाचे गुण वर्णिले आहेत, हे खरे आहे. परंतु त्याच अध्यायात, जो जितेंद्रिय पुरुष सर्व प्रकारच्या मद्यांपासून निवृत्त झाला त्याला मद्यजन्य शारीर व मानस विकार गाठत नाहीत, असाही निर्वाळा आहे. आणि आचाररसायनाच्या वर्णनातही मद्यनिवृत्तीला स्थान आहे. ज्याचा विधीवरचा ताबाच सुटला आहे, त्याच्यासाठी निवृत्ती हाच विधी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

समूह व सभा यांचे स्वरूप

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', अर्थात 'एए', या निनावी मद्यपींच्या संघटनेचा आरंभ १० जून १९३५ पासून मानला जातो. अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन या दलालाची व डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची गाठ पडली आणि एक मद्यपी दुसऱ्याशी बोलत राहिला तर दोघेही मद्यापासून दूर राहू शकतात, हा अनुभव त्यांना आला. संस्थापकांपैकी एक जण स्वतः चिकित्सक होता, हे आपल्या व्यवसायाने विसरू नये. भारतात या संघटनेचे कार्य १९५७ पासून सुरू आहे व तिचे देशपातळीवरील सेवा कार्यालय मुंबईत आहे.

सभासदत्वास फी नाही. मद्य थांबवण्याची इच्छा एवढीच अट. सभा साधारणतः तासाभराची किंवा दीड तासाची असते. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह, समाजमंदिर अशा जागी लोक बसतात आणि एकेक जण स्वतःचा अनुभव सांगतो. कोणी उपदेश करीत नाही, कोणी मध्येच बोलत नाही. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते, तीत नवागताने काही टाकलेच पाहिजे असे नाही. 'बंद' सभा केवळ मद्यपाशग्रस्तांसाठी असते. 'खुल्या' सभेला नातेवाईक, वैद्य, कोणीही जाऊ शकतो. कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही स्वतंत्र संघटना १९५१ साली स्थापन झाली.

महाराष्ट्रात याला पूरक अशी मोठी परंपरा आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केले. तेथील निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. पण केंद्राचा खरा भर त्यानंतरच्या पाठपुराव्यावर आणि पत्नींच्या 'सहचरी' गटावर राहिला आहे. मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन स्थापिले. तेथे बारा पायऱ्यांच्या जोडीला योगाभ्यास असतो.

या उपायाला आधार काय, असे विचारणाऱ्यांसाठी २०२० सालच्या कॉक्रेन समीक्षेचा निर्देश पुरेसा आहे. २७ अभ्यास व १०,५६५ रुग्णांच्या या समीक्षेत असे आढळले की, रुग्णाला ठरावीक पद्धतीने एएशी जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने सुमारे ४२ टक्के रुग्ण पूर्ण मद्यमुक्त होते. बोधात्मक वर्तनोपचारासारख्या अन्य उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. येथे 'जोडून देणे' या शब्दांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. चिकित्सकाने नुसता पत्ता सांगितला असे नव्हे. त्याने रुग्ण तेथे पोहोचेल व टिकेल हे पाहिले.

रुग्णवृत्त : पूर्वार्ध

वय ४२, पुरुष, राहणार बुवापाडा, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात फिरत्या पाळीवर कामगार. १५ वर्षांचे मद्यपान, सकाळी हातांना कंप, अग्निमांद्य, अनिद्रा. रुग्णालयात राहून मद्य सुटले होते. रुग्णालयातून परतल्यावर तो आमच्याकडे आला. आम्ही त्याला एका मोठ्या उपनगरातील सभेचा पत्ता दिला. एका परिचिताने ती 'फार चांगली' म्हणून सांगितली होती. अग्निदीपनार्थ द्राक्षासवही दिले.

तो एकदाच गेला. लोकलने जाण्यायेण्यात अडीच तास गेले. सभेत बहुतेक जण इंग्रजीत बोलत होते. सायंकाळची वेळ त्याच्या दुसऱ्या पाळीशी जुळत नव्हती. 'डॉक्टर, सगळे शिकलेले लोक. मी कोपऱ्यात बसून चहा पिऊन आलो,' असे तो म्हणाला. आम्ही त्यालाच दोष दिला, 'तुमचीच इच्छा कमी'. तिसऱ्या आठवड्यात पगाराच्या दिवशी त्याने घरातील द्राक्षासवाची बाटली एका बैठकीत संपवली आणि तेथून थेट गुत्ता गाठला. चार दिवसांनी पत्नीने त्याला आणले तेव्हा वमन, अंगमर्द, संमोह, तृष्णा, शिरःशूल ही विक्षयाची लक्षणे पुस्तकात असावीत तशी समोर होती.

रुग्णाची इच्छा कमी नव्हती. आमची सभेची निवड चुकली होती आणि कल्पही चुकला होता.

सभेची निवड : परीक्ष्य भाव

त्यानंतर आम्ही स्वतः कल्याण ते बदलापूर या पट्ट्यातील खुल्या सभांना जाऊन बसलो. औषध देण्यापूर्वी ज्या भावांची परीक्षा करतो, तेच भाव येथेही उपयोगी पडतात असे ध्यानात आले.

१. देश. जवळची सभा सोयीची. परंतु अति जवळची सभा नेहमीच इष्ट नसते. बुवापाड्यासारख्या दाट वस्तीत गल्लीतील सर्वांना सर्वांचे ठाऊक असते. 'तिथे मला ओळखतील' ही भीती प्रारंभी खरी असते. अशा वेळी एक-दोन स्थानके पलीकडची सभा उत्तम. अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक प्रवास मात्र टिकत नाही. स्थानकापासून सभेपर्यंतच्या वाटेवर त्याचा नेहमीचा बार लागतो काय, हेही विचारावे.

२. काल. कामाच्या पाळ्या, साप्ताहिक सुट्टी आणि पगाराचा दिवस यांची नोंद घ्यावी. ज्या घटकेला तलफ येते त्या घटकेला सभा असेल तर ती दुप्पट गुणकारी. फिरत्या पाळीच्या कामगारास एक नव्हे, वेगवेगळ्या वेळांच्या दोन सभा शोधून द्याव्यात. प्रारंभी '९० दिवसांत ९० सभा' असा संघटनेतील प्रघात आहे. रोजंदारीच्या माणसाला तो न जमल्यास पहिले तीन महिने आठवड्यातून किमान तीन सभांचा आग्रह आम्ही धरतो.

३. सात्म्य. येथे भाषा व समाज अभिप्रेत आहे. आपल्या परिसरात मराठी, हिंदी, सिंधी अशा अनेक भाषा नांदतात. मनुष्य हिशेब कोणत्याही भाषेत करील, पण पश्चात्ताप मातृभाषेतच करतो. आपल्यासारखे दोन-तीन जण तरी सभेत दिसले पाहिजेत.

४. लिंग व वय. स्त्री-रुग्णांस शक्यतो स्त्रियांची स्वतंत्र सभा शोधावी. तशी नसेल तर जेथे जुन्या सभासदांत स्त्रिया आहेत अशी सभा निवडावी आणि प्रथम भेटीस तिच्यासोबत स्त्री-सभासद असावी. पंचविशीतील तरुणास केवळ साठीच्या लोकांत बसवू नये.

५. सत्त्व. अवरसत्त्व रुग्णास मोठ्या सभेत भय वाटते. त्याला १०-१२ जणांची लहान सभा द्यावी. बोलण्याची सक्ती नाही, नुसते ऐकले तरी चालते, हे आधीच सांगावे.

६. श्रद्धा. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, तथापि ज्याला जसा समजेल तसा, अशी मुभाही आहे. कित्येक बौद्ध व निरीश्वरवादी सभासद समूहालाच ती शक्ती मानतात. तरीही ज्याला हे रुचत नाही त्याने उपचारच सोडू नये. पाठपुरावा गट वा तर्कनिष्ठ पद्धतीचे अन्य गट त्याला सुचवावेत.

७. साधन. २०२० च्या कोविड साथीपासून दूरदृश्य सभा रूढ झाल्या. रात्रपाळीच्या कामगारास त्या उपयुक्त आहेत. परंतु एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे भ्रमणध्वनीवर मन मोकळे कसे करणार? अशा रुग्णास प्रत्यक्ष सभाच श्रेयस्कर.

वर्ज्य सभेची लक्षणेही ध्यानी ठेवावीत. प्रवेशशुल्क मागणे, एकाच व्यक्तीने व्याख्यान देणे, सभासदाचे नाव बाहेर सांगणे, नवागताकडून उसने पैसे घेणे, स्त्री-सभासदांशी सलगी करणे आणि 'सगळी औषधे बंद करा' असे सांगणे ही ती लक्षणे होत. औषधाचा निर्णय चिकित्सकाचाच, ही एएची अधिकृत भूमिका आहे. एखादा सभासद तसे बोलला तर तो त्याचा वैयक्तिक अविचार समजावा.

एका सभेवरून निर्णय मात्र करू नये. दोन-तीन निरनिराळ्या समूहांत मिळून किमान सहा सभांना बसावे आणि मग एक 'आपला' समूह ठरवावा.

सभेपूर्वीचे कर्तव्य

जो आजही रोज पितो व सकाळी ज्याचे हात कापतात, त्याला 'आजपासून बंद' असे सांगून थेट सभेस पाठवणे धोक्याचे आहे. मद्य एकाएकी थांबविल्यावर पहिल्या दोन दिवसांत आक्षेप, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, प्रलाप, ज्वर व तीव्र कंप उद्भवू शकतात. यात प्राणहानी होते. पूर्वी आक्षेप येऊन गेलेला, कामला अथवा जलोदर असलेला, वृद्ध किंवा एकटा राहणारा रुग्ण प्रथम रुग्णालयातच पाठवावा. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आपल्याला जवळ आहे. मदात्ययात मद्याचाच सम्यक् प्रयोग ग्रंथोक्त असला तरी त्याचा आधार घेऊन घरच्या घरी 'उतारा' देऊ नये.

औषधालयाच्या चालकांसाठी

आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यार्क असतो; बाटलीवर साधारणतः ५ ते १० टक्के असे प्रमाण छापलेले आढळते. म्हणजे बलवान बिअरइतका मद्यार्क आपण 'टॉनिक' म्हणून देतो. मद्यमुक्त व्यक्तीस तो वर्ज्य समजावा. पर्याय आपल्याच ग्रंथांत आहेत : दशमूलारिष्टाऐवजी ताजा दशमूल क्वाथ, अश्वगंधारिष्टाऐवजी अश्वगंधा चूर्ण, सारस्वतारिष्टाऐवजी ब्राह्मी घृत, अभयारिष्टाऐवजी हरीतकी चूर्ण, द्राक्षासवाऐवजी भिजविलेल्या मनुका. तयार प्रवाही क्वाथाचेही लेबल वाचावे.

रुग्ण डायसल्फिराम घेत असेल तर धोका अधिक. अल्प मद्यार्कानेही मुखरक्तिमा, हृद्द्रव, वमन व रक्तदाब कोसळणे असा प्रसंग ओढवतो आणि गोळी थांबविल्यावरही सुमारे दोन आठवडे ही शक्यता राहते. म्हणून 'नकळत जेवणात घालायची पूड' मागायला येणाऱ्या नातेवाइकास ती कदापि देऊ नये; त्याच्या हाती अल-अ‍ॅनॉनची माहिती द्यावी. तो माणूसही दुःखाने पोळलेलाच असतो.

रुग्णवृत्त : उत्तरार्ध

त्या रुग्णास पुन्हा रुग्णालयातून सुखरूप बाहेर काढल्यावर दोन स्थानके पलीकडची मराठी-हिंदी सभा आम्ही निवडली. तेथील एका जुन्या सभासदास रुग्णाच्या संमतीने आधी दूरध्वनी केला. तो स्थानकाच्या पुलाखाली उभा राहिला आणि रुग्णाला घेऊन आत गेला. हाताला धरून नेणारा असा माणूस मिळणे, हाच सर्व फरक ठरला. पुढे पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी त्याचा फोन ठरलेला असे.

पाचव्या महिन्यात रुग्ण एकदा घसरला. पण या वेळी तो गुत्त्यावर चार दिवस राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी सभेत जाऊन त्याने ते सांगितले. आता त्याला दीड वर्ष झाले आहे. पत्नी कुटुंबीयांच्या सभेला जाते. परवा औषध न्यायला आला असता तो म्हणाला, 'डॉक्टर, आमच्या गल्लीतला एक जण तयार झालाय. त्याला मी घेऊन जातो. तुम्ही फक्त बाटलीतलं औषध देऊ नका.' यावर आम्ही काय बोलावे?

समारोप

प्रत्येक वैद्याने वर्षातून एकदा तरी खुल्या सभेस जावे. आपापल्या परिसरातील सभांचा वार, वेळ, भाषा, खुली की बंद आणि भेटणाऱ्या सभासदाची संमतीने घेतलेली दूरध्वनी-नोंद अशी एक पानी यादी करावी आणि दर तीन महिन्यांनी ती पडताळावी, कारण सभांच्या जागा व वेळा बदलतात. औषधालयात ही यादी फळ्यावर नको. गल्ल्याखाली असावी आणि मागणाऱ्यास घडी घालून द्यावी. यादी हाताशी नसेल तेव्हा १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक सांगता येतो.

आपल्या शाखेने अशी यादी सिद्ध केल्यास तिच्या पडताळणीचे काम करण्यास आम्ही तयार आहोत. चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेली ती एक ओळ यापुढे अपुरी राहू नये, एवढीच वैद्यवर्गास नम्र विनंती.